सशाला खरारा

उन्हाळा लागला की आमच्या दोन्ही सशांचे केस गळायला लागतात. चटईवर केस, वरणात केस, माझ्या साडीचं तर विचारूच नका. त्याचं मला काही नाही. पण ससा स्वतःला चाटत बसतो, ते केस पोटात जातात आणि त्याला ओकता येत नाही. पोट तुंबलं की खाणं सुटतं आणि ससा मरतो. गुरांच्या डॉक्टरांनी मला हे बजावून सांगितलं होतं. म्हणून ब्रश हवा होता.

लोहाऱ्यात सशाचा ब्रश कोण ठेवणार? एसटीनं धाराशिवला गेले. दुकानदारानं तारेच्या दातांचा ब्रश पुढं केला.

"कुत्र्याचा हाय ताई, सशाला बी चालतोय."

मी तो मनगटाच्या आतल्या बाजूवरून ओढला. लाल ओरखडे उठले. "आता तुमच्या गालावर फिरवा," मी म्हटलं. तो हसला. मला हसू आलं नाही. सशाची कातडी ती केवढी पातळ, आणि ह्या बाबाला सगळं सगळ्याला चालतं! शेवटी त्याच्याच मागच्या फळीवर रबराचा मऊ ब्रश सापडला. तोही मनगटावर फिरवून बघितला, मगच घेतला.

घरी आले तर सासरे अंगणात बसलेले. मांडीत पांढरा ससा, हातात खरारा. बैलाचं अंग घासायचा, लोखंडी दातांचा. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी खरारा गोठ्यातल्या खुंटीला होताच. मामा अगदी खुशीत होते.

"बघ, कसा चकाकायलाय! तू उगं धाराशिवला गेलीस."

चकाकत होतं ते रक्त. पाठीवरची कातडी सोलून निघाली होती. ससा ओरडत नाही, तिथंच त्याचं वाटोळं होतं. बैल निदान लाथ तरी मारतो.

"मामा, सोडा त्याला! बैल हाय का त्यो?" या घरात मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

"जनावर हाय. म्या जलमभर जनावरं घासली."

"मग रगत दिसंना का तुमाला?"

"आता सुनेनं शिकवावं व्हय मला?"

माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या हातातला खरारा हिसकावला आणि उकिरड्यावर भिरकावला.

ससा खाटेखाली शिरला तो बाहेर येईना. डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं कशाला तोंड लावलं नाही. मी मेथीची काडी धरून फरशीवर पडून होते. अखेर त्यानं एक पान ओढलं, कुरतडलं. मला रडू फुटलं.

तेवढ्यात सासरे दारासमोरून गेले. उकिरड्यावरून खरारा शोधून आणला होता. नळाखाली धुतला, दातांत अडकलेले पांढरे केस एकेक करून काढले, तेल लावलं आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन खुंटीला अडकवला. बैल होते तेव्हाही ते असंच करायचे. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू. पण खाटेकडं बघून त्यांनी एकदाही विचारलं नाही, खाल्लं का त्यानं काही म्हणून.