फोटोतला भोपळा

गेल्या महिन्यात वाचनालयात जुन्या नाशिकचे फोटो लावले होते, म्हणून नातू मला इंदिरानगरहून रिक्षात घालून घेऊन गेला. तिथे भिंतीवर आमचाच फोटो निघाला. एकोणीसशे तीसच्या दशकातला, आमच्या फुटबॉल क्लबाचा. मागे बांबूचे गोलखांब, वर आडवा सुंभाचा दोर, त्यामागे पेरूची बाग. आता तिथे गंगापूर रोडच्या इमारती आहेत. लोक हळहळत होते, काय मैदानं होती हो तेव्हा! एका चष्मेवाल्या तरुणानं माझ्या पायांपुढच्या बॉलवर बोट ठेवलं. "आजोबा, तेव्हाचे बॉल बघा. हातानं शिवलेले, शिवणसुद्धा दिसते." मी म्हटलं, "हो."

तो बॉल नाही. तो भोपळा आहे. लाल भोपळा, भाजीचा. आता सांगूनच टाकतो, नव्वदी आली, आणखी किती दिवस गिळून बसू?

मी तेव्हा बाविशीचा शाळामास्तर होतो आणि क्लबाचा कॅप्टन. आमचा गोलकीपर गावाबाहेरच्या वस्तीतला, चांभारकाम करणारा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला मास्तर म्हणायचा. बॉल उसवला की तोच शिवायचा, आतल्या ब्लॅडरला ठिगळही तोच लावायचा, त्यामुळे बॉल कायम त्याच्या घरी. चामड्याचा तो गोळा आम्ही डोक्यावर घ्यायचो, छातीवर झेलायचो, कुणाला विटाळ व्हायचा नाही. पण हाफटाइमला आम्ही घागरीत तांब्या बुडवून पाणी प्यायचो आणि त्याच्या ओंजळीत वरून धार धरायचो. धार धरणारा मीच. वर आपण केवढे सुधारक, असंही वाटायचं मला. शहाणाच होतो.

त्या वर्षी आम्ही मालेगावच्या विणकरांची टीम एक-शून्यनं हरवली, आणि त्यातलं शून्य त्यानं राखलेलं. क्लबाच्या अध्यक्षांनी, ते मोठे वकील होते, टीमचा फोटो काढायचं ठरवलं. हे ऐकून तो हरखलाच. म्हणाला, "मास्तर, एक कापी मला लागंल. आमच्या घरात कुनाचाच फोटू नाय. म्हातारीचं डोळं चाललंत, तिला थोडं दिसतंय तवर दाखवीन म्हनतो." मी म्हटलं, तुझी कॉपी पक्की.

फोटो शनिवारी ठरला. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "फोटोनंतर सगळी मंडळी आमच्याकडे फराळाला. तेवढं जरा बघा," म्हणाले. एवढंच. त्याला आणू नका, असं काही ते म्हणाले नाहीत. पण मला बरोब्बर कळलं, असल्या गोष्टी कळायला मी भारी हुशार. मी सायकल काढली, वस्तीवर गेलो आणि त्याला रविवार सांगितला.

शनिवारी त्याची जर्सी क्लबाच्या कारकुनाला चढवली. अकरा जण पुरे झाले. फोटोग्राफरनं काळ्या कापडात डोकं घातलं, परत बाहेर काढलं आणि विचारलं, "बॉल कुठाय?"

आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. माणूस गाळला, पण बॉल त्याच्याच घरी आहे हे अकरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! आता आणायला जायचं कुणी, आणि काय सांगून? शेवटी बाजाराकडे निघालेल्या एका माळणीच्या पाटीतला भोपळा घेतला आणि देठ मागे करून माझ्या पायांपुढे ठेवला. सगळे खो खो हसले. मीही हसलो. फोटोत माझा चेहरा इतका प्रसन्न आलाय तो त्यामुळेच.

रविवारी मी गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, घरी चाललो होतो, वाट मैदानावरूनच. तो तिथे उभा. धुतलेला सदरा, केसांना तेल, काखेत बॉल. बॉललाही तेल लावून चकाकी आणलेली. "मास्तर, फोटूवाला?"

"आला नाही रे. पुढल्या रविवारी बघू."

पुढल्या रविवारी तो आला. त्याच्या पुढच्याही आला. मी दोन्ही वेळा लांबून त्याला पाहिलं आणि सायकल वळवली. सामन्यांचा हंगाम संपला होता, त्यामुळे एरवी गाठ पडायची नाही. दोन-अडीच महिन्यांनी आमचा फोटो फोटोग्राफरच्या दुकानात काचेमागे लागला, पेठेतल्या भर रस्त्यावर, आणि त्यानं तो पाहिला.

त्याच दिवशी शाळा सुटताना तो फाटकाशी आला. तो आता चार लोकांत माझी लाज काढणार, असं मला वाटलं. खोटी उत्तरंसुद्धा मनात जुळवून ठेवली. त्यानं बॉल माझ्या हातात दिला. "टाके नवे घातलेत. वरीसभर बघाया नको," म्हणाला. जाता जाता म्हणाला,

"मास्तर, म्हातारीला आता नाय दिसत."

एवढं बोलून तो गेला, आणि पुन्हा कधी खेळायला आला नाही. मी त्याला हाक मारली नाही. तो वळणाआड जाईपर्यंत बॉल घेऊन तिथेच उभा होतो. त्या वेळी मला रडू यायला हवं होतं. मला हायसं वाटलं. सुटलो एकदाचा, असं वाटलं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.