शिंगाळ्यांच्या पोटातली अंडी

हजारशेरी स्टर्जन मासा नदीच्या तळाशी अंडी कधी घालतो, ते माणसाला दिसत नाही. तळाशी चरणाऱ्या शिंगाळा माशांना मात्र बरोबर कळतं. मेले अधाशी, अंडी पडली रे पडली की तुटून पडतात. म्हणून यिचांग शहराजवळच्या धरणाखाली दर नोव्हेंबरात शिंगाळे पकडायचे, त्यांची पोटं फाडायची आणि आत स्टर्जनची अंडी निघतात का ते बघायचं. संशोधन केंद्रात हे काम सव्वीस वर्षं थान लिफांग करत होती. कोळ्याची बायको, दोन इयत्ता शिकलेली, जिभेने तिखट. पण तिची कात्री अशी चालायची की भल्याभल्या डॉक्टरांनी तोंडात बोट घालावं.

गेली चार वर्षं त्या पोटांत गोगलगाई आणि चिखल, दुसरं काही नाही. यंदाही तसंच झालं तर या नदीतला स्टर्जन संपला असं धरायचं, हे ठरून गेलं होतं. लहानपणी बापाच्या होडीखालून सरकत गेलेला तो अजस्र मासा लिफांगने पाहिला होता. तो आपल्या डोळ्यांदेखत संपावा, हे तिला सोसवणारं नव्हतं.

महिना सरत आला तरी पाणी कोमटच. धरणामागचं पाणी लवकर निवत नाही, आणि ते निवल्याशिवाय मादी अंडी टाकत नाही.

"नदीला ताप आलाय," नवरा, म्हातारा पंग, म्हणायचा.

"अभद्र बोलू नकोस, गप बस," ती खेकसायची. पण सकाळी पाण्यात हात घातला की तिचंही तोंड उतरायचं.

शेवटच्या आठवड्यात पाणी एकदाचं निवलं, आणि एका सकाळी एका शिंगाळ्याच्या पोटातून ज्वारीच्या दाण्याएवढी सात अंडी बाहेर आली.

"जिंग! अगं जिंग, धाव!"

केंद्रातली संशोधक डॉक्टर लुआन जिंग पळतच आली. "मावशी, खरंच?" म्हणत तिने लिफांगला माशाच्या रक्तासकट मिठी मारली.

पंगने डोळे पुसले. "म्हातारीच्या हाताला यश आहे बरं का!"

"म्हातारी असेल तुझी आई," लिफांग म्हणाली आणि हसता हसता रडू लागली.

जिंग अंडी घेऊन सूक्ष्मदर्शकापाशी बसली. एकेक अंडं ती पुन्हा पुन्हा फिरवून बघू लागली.

"काय गं? तोंड शिवलंय का?"

"मावशी, आणखी फाडा."

दुपारपर्यंत चाळीस शिंगाळे फाडून झाले. अकरांच्या पोटात अंडी होती.

"एकाही अंड्याने जीव धरलेला नाही," जिंग हळूच म्हणाली. "मादी आली होती, मावशी. समुद्रापासून इथवर, एकटी. नर नव्हताच."

लिफांगने कात्री खाली ठेवली. नर होता. केंद्रामागच्या टाकीत होता. दोन वर्षांमागे तो पंगच्या जाळ्यात आला, तेव्हा जिंग सोडा म्हणत होती. अडून बसली ती लिफांगच. नदीत जहाजांचे पंखे चिरतील त्याला, इथे सुखात राहील, पुढेमागे मादी मिळाली की जोडी जमवू, असं म्हणून म्हणून तिने सगळ्यांना आपल्या बाजूला वळवलं होतं.

"सोडू या त्याला, आत्ताच!" ती धडपडत उठली. "ती जवळच असेल."

"अंडी टाकली की ती थांबत नाही. समुद्राकडे निघाली असणार. आता येईल ती चार-पाच वर्षांनी. आली तर."

"मग मी हे काय करून बसले गं?"



टाकीतल्या माशाची खायची वेळ झाली होती. दुसऱ्या कुणाच्या हातचं तो खात नसे. लिफांग मासळीचे तुकडे घेऊन टाकीशी गेली. तिचं पाऊल वाजताच तो भिंतीला घासत तिच्याकडे आला. दीड कोसावर मादी अंडी टाकत होती त्या दिवशीही तो असाच आला असणार, आणि तिने त्याला लाडाने भरवलं असणार. लिफांगचा हात पाण्याकडे जाईना. तो मात्र काठाशी घुटमळत राहिला.