बाईंनी काढलेली पापणी

हातात ब्रश घेऊन आलेल्या माणसाला आमच्या बाई दारातूनच परत पाठवायच्या. अकोल्याच्या जठारपेठेत, त्यांच्या गच्चीवर चित्रकलेचा वर्ग चाले; पण रंगाच्या डब्या उघडायच्या त्या आसनं आणि प्राणायाम झाल्यावरच. मी अमरावतीहून दर रविवारी एसटीनं जायची. पुस्तकांसाठी चित्रं काढून पोट भरणारी, तिशी उलटलेली मी, आणि पहिल्याच दिवशी ऐकावं लागलं, "पाठ पाह्य आपली, कशी वाकली! अन् चित्र सरळ पायजे तुले!"

रेघ मारताना आपण श्वास कोंडतो आणि हात तिथंच अडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रेघ सोडत्या श्वासावर ओढायची, श्वास संपला की ब्रश उचलायचा. एका आईनं तक्रार केली, "मुलीला चित्रकलेला घातलंय, योगासनांना नाही." बाई म्हणाल्या, "मंग घेऊन जा तिले. मी कोणाले बलावाले नोती गेली." मुलगी जागची हलली नाही, हे मला अजून आवडतं.

पुढं बाईंचा उजवा हातच कापायला लागला. निऱ्या घालता येईनात, चहा बशीत सांडे. आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या वस्तीतल्या विहाराची भिंत त्यांना मिळाली होती, बुद्धाचं मोठं चित्र काढायला. कित्येक वर्षांपासून त्यांना ती भिंत हवी होती. विहार समितीचे अध्यक्ष घरी आले आणि टेकायच्या आधीच म्हणाले, "बाई, तुमी आता आराम करा. आमी फ्लेक्स छापून लावतो."

"फ्लेक्स?" बाई कडाडल्या. "लावा बरं! फाडून नाई टाकला तं नाव बदलून ठेवा माह्यं!"

"पण हात कापून राह्यला ना तुमचा."

"कापते तं कापू द्या. डोस्कं तं ठिकाणावर हाये ना?"

इतका योग करून हात का थांबत नाही, असं मीही एकदा चिडून विचारलं. "योगानं बिमारी जाते असं म्या कदी म्हटलं व?" त्या म्हणाल्या. "मन चित्रात राह्यते. मले तेवढंच पायजे."

अध्यक्षांनी फ्लेक्सचा विषय सोडला, आणि चित्र होईपर्यंत मी अकोल्यातच मुक्कामाला राहिले. रोज सकाळी त्या विहारात वज्रासनात बसत, मग उंच स्टुलावर चढत. रंग धरून मी खाली उभी, जीव टांगणीला. श्वास सोडायचा, बोटभर रेघ. थांबायचं. पुन्हा श्वास. असं करत चित्र उभं राहिलं. डाव्या डोळ्याची पापणी मात्र त्यांनी एकाच श्वासात ओढली, आणि ती मधोमध थरथरली. खाली उतरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "झालं. ब्रश धुवून टाक."

गेल्या वर्षी बाई गेल्या. यंदा भिंतीला ओल आली, तेव्हा अध्यक्षांनी मला बोलावलं. "रंग उजळून द्या, अन् ते पापणी तेवढी सरळ करा. लोकं विचारतात."

मी वज्रासनात बसले. मग श्वास सोडत सोडत बुद्धाच्या अंगावरचं चीवर उजळलं, हात उजळले, ओठ उजळले. पापणीपाशी आले आणि बाईंची इतकी आठवण आली की ब्रश खालीच ठेवला.

"ते राह्यलं ना, मॅडम!"

"राहू द्या. ती बाईंची आहे."

"मंग दुसरा पेंटर पाहावा लागीन आमाले."

मी त्याच भिंतीला पाठ लावून खाली बसले.

"बलवा त्याले," मी म्हटलं. "मी इथून हालत नाई."