मेंढरांची ऊब

घोंगडीला दमट वास आला की पालमजवळच्या माझ्या रानातली ती पहाट आठवते. लेंडीखताच्या लोभाने मी धनगरांना मेंढरं आणखी एक रात्र माझ्याच शेतात बसवायला लावली, आणि त्याच रात्री कडाक्याच्या थंडीत एक मेंढी व्याली. पिल्लू गारठून मेलं असणार, म्हणून उजाडताच धावलो. "मावशी, पिल्लू?" धनगरीण हसली, "आत हाय की दादा! तुमच्या स्वेटरपरीस लय ऊब हाय तिथं." मेंढरं अंगाला अंग भिडवून बसली होती. कडेच्यांची लोकर दवाने पांढरी झाली होती, मधून मात्र वाफ निघत होती आणि तिथे पिल्लू आईला लुचत होतं. मी हात आत घातला, तर बोटं शेकली. खत मला मिळालं, थंडी त्यांनी सोसली. मावशीकडून घेतलेली ही घोंगडी मी अजून लाजतच पांघरतो.