वूचच्या गिरण्या आणि अण्णांची खूण

सोलापूर सोडलं तेव्हा माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या आणि माझ्यामध्ये एसी डब्याची बंद काच होती. जन्म कापडाच्या मिलमध्ये गेलेला माणूस. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे ओठांनी आणि हातांनीच बोलत. प्लॅटफॉर्मवरून अण्णांनी पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली. वेळेवर जेवत जा.

आता मी परदेशात, हॅमिल्टनला. माझ्या लेकीला, रेवाला, शाळेत एका औद्योगिक शहराचा इतिहास आणि तिथली प्रेक्षणीय ठिकाणं सांगायची होती. म्हटलं, चला, सोलापूरचं नशीब उघडलं! तिने निवडलं पोलंडमधलं वूच. शेजारच्या हलीनाबाईंचं ते गाव, तेही कापडाचंच.

“अगं, आणि आजोबांची मिल?”

“बट बाबा, देअर्स नथिंग लेफ्ट. यू ऑल्वेज से सो.”

अशी चीड आली म्हणून सांगू! पण खोटं काय होतं त्यात? वूचच्या लाल विटांच्या गिरणीत मॉल झालाय, मालकाच्या महालात संग्रहालय, पिओत्रकोव्स्का रस्त्यावर पर्यटकांची ही गर्दी. आमची मिल पाडली, चिमणी पाडली, साधी पाटीसुद्धा नाही. सोलापुरात राहिलेल्या तुम्ही लोकांनी एक भिंत तरी राखायची होती! मी तरी काय करत होतो म्हणा, इथे बर्फ शोव्हल करत होतो.

रविवारी हलीनाबाई जुने फोटो घेऊन आल्या. रेवाने मॉलचं कौतुक करताच त्या उसळल्या.

“माय मदर्स लूम वॉज हिअर. नाऊ दे सेल परफ्यूम!”

मग त्यांची आई मागावरून मैत्रिणीला जेवायला कशी बोलवायची, ते त्यांनी करून दाखवलं. ओठ हलले, आवाज नाही, आणि बोटं तोंडाशी.

“आजोबा डू दॅट ऑन व्हिडिओ कॉल!” रेवा ओरडली.

अण्णांना आता काहीच ऐकू येत नाही आणि हिला मराठी बोलता येत नाही. दोघांचं काय जमत असेल, असं मला वाटायचं.

प्रोजेक्ट वूचवरच झालं. माझा राग काही गेलेला नाही, मिल पाडणाऱ्यांवरचा तर नाहीच. पण संध्याकाळी मी किचनच्या दारातून पाच बोटं तोंडाशी नेतो, आणि एरवी प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत उत्तर देणारी माझी पोरगी हेडफोन्ससुद्धा न काढता मुकाट जेवायला येते. माझं सोलापूर आता तेवढंच.