मोठ्याचा खिमा आणि पास्ता

बुधवारी आमच्या घरी पास्ता असतो. त्यात हौसेचा भाग कमी आणि घड्याळाचा जास्त. युनिव्हर्सिटीतल्या लॅबमधून मी सिंगापूरच्या सेंगकांग भागात, घरी पोचते तेव्हा साडेसहा वाजून गेलेले असतात, मुलगी भुकेने चिडलेली असते आणि नवरा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मिटिंगमध्ये अडकलेला असतो. एका शेगडीवर पास्त्याचं पाणी ठेवायचं, दुसरीवर पसरट पातेलं. कांदा, लसूण, मग येताना खालच्या सुपरमार्केटमधून घेतलेला बीफचा खिमा. तो टाकल्यावर लगेच ढवळायचा नाही, हे मला फार उशिरा कळलं. तसाच पडू द्यायचा, खालून तांबूस होऊ द्यायचा, मगच मोडायचा. घाई केली की पाणी सुटतं आणि खिमा नुसता उकडल्यासारखा लागतो. मग डब्यातला टोमॅटो, अर्धा चमचा काळा मसाला, पास्त्याचं थोडं पाणी. पाऊण तासात ताटल्या मांडलेल्या असतात. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि हे जेवण तिला बाकी कशाहीपेक्षा जास्त आवडतं.

मागच्या वर्षी आई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आली, दोन महिन्यांसाठी. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावाहून एकटी निघाली, विमान बदलून नीट पोचली, आणि पोचल्यावर पहिलं वाक्य बोलली ते माझ्या वजनाबद्दल. पहिल्या बुधवारी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. खिमा नुकताच पातेल्यात पडला होता.

"काय करायलीस गं?"

"पास्ता. खिमा घालून."

तिने एकदाच वास घेतला आणि आवाज उतरवून म्हणाली, "मोठ्याचा हाय का?"

मी मान हलवली. ती पुढे आली, ओट्याजवळची खिडकी लावली, मग हॉलची लावली आणि बाहेरच्या दाराच्या फटीशी पायपुसणं सरकवून ठेवलं. आमचं घर अकराव्या मजल्यावर. समोर एक चिनी आजोबा राहतात, शेजारी एक मलाय बाई, ज्या स्वतः आठवड्यातून दोनदा बीफ शिजवतात. मी आईला हसले. हसायला नको होतं.

मोठ्याचं म्हणजे बैलाचं-म्हशीचं मटण. आम्ही ज्या वस्तीतले, तिथे ते आनंदाचं जेवण होतं. वस्तीबाहेर मात्र ते आमच्या जातीचंच दुसरं नाव होतं. वडील कचेरीत कारकून झाले तेव्हा आम्ही वस्ती सोडली आणि गावाच्या चांगल्या म्हणतात त्या भागात एक खोली भाड्याने घेतली. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळायचं नाही. घरमालकाने विचारलं नाही, वडिलांनी सांगितलं नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी आई दारंखिडक्या लावून मोठ्याचं शिजवायची. मी सात वर्षांची होते. घरमालकाच्या मुलीने मला विचारलं, काल तुमच्याकडे काय केलं होतं, आणि मी सांगितलं. न सांगण्यासारखं त्यात काही आहे हेच मला माहीत नव्हतं.

आठ दिवसांत खोली सोडावी लागली. भांड्यांची दोन पोती, एक गादी, वडिलांची सायकल. मला कुणी रागावलं नाही. पण नव्या खोलीत गेल्यावर आईने मला समोर बसवलं आणि एक उत्तर पाठ करून घेतलं. मटण होतं. बोकडाचं. बाबांनी बस स्टँडजवळून आणलं. तीन वाक्यं. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. पाढे मला कधी इतके पक्के झाले नाहीत. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी तेच म्हणाले असते.

पोस्टडॉक म्हणून मी सिंगापूरला आले, त्या पहिल्या महिन्यात सुपरमार्केटच्या थंड कपाटासमोर कितीतरी वेळ उभी राहिले होते. पाकिटांवर मोठ्या अक्षरांत बीफ लिहिलेलं. लोक येत होते, पाकीट उचलत होते, टोपलीत टाकून पुढे जात होते. मीही एक उचललं आणि पारदर्शक पिशवीत घालून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, घरी आणलं. कुणी पाहिलंसुद्धा नाही. मला रडू आलं, आणि सोबत थोडा रागही आला, की एवढं सोपं होतं तर.

मुलगी झाली तेव्हा मी ठरवलं, हिला आपल्या ताटातल्या अन्नाबद्दल एकही उत्तर पाठ करावं लागणार नाही. आयुष्यात मी बरेच ठराव केले आणि आरामात मोडले. हा मोडायचा नव्हता.

आता माझा लबाडपणाही सांगून टाकते. नवव्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब राहतं. त्यांची मुलगी आणि आमची एकाच वर्गात. मंगळवारी आणि गुरुवारी मला लॅबमध्ये उशीर होतो, म्हणून त्या दिवशी शाळा सुटली की आमची मुलगी त्यांच्याकडे जायची. ती बाई माझी मैत्रीणच. दोघी मुलींना गरम वरणभात वाढायची, गृहपाठ घ्यायची, आणि तीन वर्षांत तिने त्याचा एकदाही उपकार दाखवला नाही. ती मासे खाते, चिकन खाते. बीफचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. मी खोटं बोलले नव्हते, फक्त विषय काढला नव्हता, असं मी स्वतःला बजावत असे. माझ्या मुलीला उत्तर पाठ करावं लागलं नव्हतं, कारण कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

आई आल्यानंतरच्या तिसऱ्या बुधवारी आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात बेल वाजली. मुलगीच धावली. लोखंडी जाळीपलीकडे मैत्रीण, हातात डबा.

"काकूंसाठी सुरळीच्या वड्या आणल्यात," ती म्हणाली. मी जाळी उघडली आणि डबा घेतला. "काय मस्त वास सुटलाय गं. काय केलंयस?"

तिला काही शोधून काढायचं नव्हतं. दिवसभराच्या कामानंतर एक बाई दुसरीला विचारते तसं तिने विचारलं. मला विचार करायला वेळ होता. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर नवऱ्याला मी सांगितलं की पटकन तोंडातून निघून गेलं. तसं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं, मंगळवार-गुरुवार आठवले, आणि म्हणाले, "मटण. खिमा."

"बोकडाचा," आतून आई म्हणाली.

"वा, रेसिपी पाठव हं," म्हणत मैत्रीण लिफ्टकडे गेली.

मुलगी माझ्या कोपराशी उभी होती. टेबलाशी बसल्यावर ती म्हणाली, "पण मम्मा, हे बीफ आहे. व्हाय यू से मटन?"

"त्यांच्याकडे खात नाहीत गं."

"सो? त्यांना कोण खायला सांगतंय?"

 उत्तर आईने दिलं. तिच्या ताटलीत पास्ता वाढता वाढता आई मायेने म्हणाली, "लेकरा, आपण काय खातो ते बाहेर सांगायचं नसतं. कुणी विचारलं तर मटण म्हणायचं."

"ओके," मुलगी म्हणाली आणि जेवायला लागली. तिने हुज्जत घातली असती तर मला बरं वाटलं असतं. एरवी केस विंचरण्यावरून अर्धा तास वाद घालणारी मुलगी.

ती जेवून उठल्यावर मी आईवर घसरले. "तिला हे शिकवू नकोस."

"मी कुठं शिकवलं? आधी तूच बोललीस."

ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. "मलाही असंच बसवलं होतंस. खोली माझ्यामुळे गेली म्हणून."

आईने हातातलं पातेलं सिंकमध्ये ठेवलं. "तुझ्यामुळं गेली, असं मी एकदा तरी म्हणले का?"

"नाही म्हणालीस. पण तुझ्यामुळे नाही गेली, असंही कधी म्हणाली नाहीस."

ती पातेलं घासायला लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काय हौस होती का? दुसरी खोली मिळत नव्हती. तुझी शाळा त्याच भागात होती. शाळा सुटली असती तर आज इथं आली असतीस का तू?"

 माझ्या पीएचडीच्या खाली ती तीन वाक्यं आहेत, हे मला माहीत होतं. तिने ते आज फक्त तोंडावर सांगितलं.  वड्या मात्र सगळ्यांनी खाल्ल्या आणि त्या उत्तम झाल्या होत्या.

शनिवारी सकाळी आई, मुलगी आणि मी भाजी घेऊन येत होतो. लिफ्टचं दार बंद होता होता मैत्रीण आणि तिची मुलगी आत शिरल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्या छोटीने आमच्या मुलीला विचारलं, "त्या दिवशी तुमच्याकडे काय होतं? मम्मी सेज सुपर नाइस स्मेल."

"मटन लाह," आमची मुलगी इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली. "आजीने मार्केटमधून आणलं होतं."

शेवटचा तपशील तिने स्वतःच्या मनाने जोडला होता. आई तर मार्केटला त्या शनिवारीच पहिल्यांदा आली होती. आणि मग मुलीने वर माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर दिल्यावर मुलं बाईंकडे पाहतात ना, बरोबर आलं का म्हणून, तसं.

 मी सात वर्षांची असताना आईकडे असंच बघत असणार. मला ते बघणं एक क्षणही सहन झालं नाही.

"मटण नव्हतं," मी मैत्रिणीला म्हणाले. "बीफ होतं. आम्ही खातो. माझ्या माहेरी आजोबा-पणजोबांपासून खातात. बुधवारी मी तुला खोटं सांगितलं."

माहेरचं सांगितल्यावर सांगायचं काही उरलं नव्हतं. मैत्रिणीला त्यावरून माझी जात कळली. माझ्या चेहऱ्यावरून तिची नजर आईकडे गेली आणि परत बटणांकडे आली.

"अगं, त्यात काय एवढं," ती म्हणाली. "ज्याचं त्याचं." ती आईकडे पाहून हसली. ते हसू तिने ओढून आणलं होतं, पण आणलं होतं, हे मी नाकारणार नाही. नवव्या मजल्यावर दार उघडलं आणि त्या दोघी उतरल्या. आईने माझा दंड धरला होता. घरात शिरल्यावर तिने तो सोडला आणि म्हणाली, "झालं समाधान?"

सोमवारी मेसेज आला. मुलीला मंगळवारी आणि गुरुवारी क्लास लावलाय, त्यामुळे यापुढे जमणार नाही, सॉरी गं. खाली जोडलेले दोन हात. क्लास खरंच लावला असेल. मी विचारलं नाही. मीही जोडलेले दोन हात पाठवले. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "बरं केलंस सांगून टाकलंस ते." आणि थोड्या वेळाने, "पण मंगळवारचं काय करायचं?" आई असेपर्यंत तो प्रश्न नव्हता. पुढे शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणाऱ्या, शाळेतल्याच स्टुडंट केअरमध्ये नाव घालावं लागलं, आणि मुलीला ते आवडत नाही.

आम्हा मोठ्या माणसांचं एवढंच झालं. लिफ्टमध्ये भेटलो तर आम्ही अजूनही हसतो, हवेबद्दल बोलतो. पण शाळेत, मधल्या सुट्टीत, ती छोटी दुसऱ्या बाकावर जाऊन बसायला लागली. तिला घरी काही सांगितलं गेलं की तिने आपणहून केलं, मला माहीत नाही. वाढदिवसाला वर्गातल्या आठ मुलींना बोलावणं गेलं, आमच्या मुलीला आलं नाही.

ते कळलं तो बुधवार होता. मी नेहमीसारखा पास्ता केला. मुलीने एक घास खाल्ला आणि काट्याने नुसतं उलटसुलट करत बसली. आई तिच्या शेजारी, मी समोर.

"यू शुड हॅव जस्ट सेड मटन," ती म्हणाली.

आईने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. ती टाकून बोलेल असं मला वाटलं, पण तिने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. सात वर्षांची असताना, त्या नव्या खोलीत, वर्षभर तरी, मी अंथरुणावर पडून हेच म्हणत असे. मटण म्हणायला हवं होतं. मी मटण म्हणायला हवं होतं.

मी काटा खाली ठेवला. "तुझी मैत्रीण माझ्यामुळे गेली," मी म्हणाले. "लिफ्टमध्ये मी बोलले म्हणून. तू काही केलं नाहीस. तू मटण म्हणालीस तेही माझ्यामुळे, आणि नंतर जे झालं तेही माझ्यामुळे. तुझ्यामुळे यातलं काहीच झालेलं नाही. कळलं?"

"आय नो," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता. "म्हणून तर मी तुझ्यावर रागावलेय."

"रागाव," मी म्हणाले. "हवं तितकं रागाव."

आईने तोंडाला पदर लावला. मुलीने ताटली माझ्याकडे सरकवली, गार झालं म्हणून. मी तिला पातेल्यातलं गरम वाढलं. ती माझ्याकडे एकदाही न बघता सगळं जेवली. राग होता, पण तो माझ्यावर होता. स्वतःवर तिला जराही राग नव्हता.