इंझोरीच्या भाऊंचं राज्य

डाव्या हातात सुया टोचलेल्या असत, तो हात हलवायचा नाही अशी आमची सक्त ताकीद. म्हणून इंझोरीचे भाऊ आपल्या गोष्टीतलं सगळं जग उजव्या हातानं बांधत. पडल्या पडल्या हवेत बोट फिरवून म्हणत, "थांबा भाऊ, आधी नदी कुठून येते ते ठरू द्या."

वाशीमच्या एका दवाखान्यात मी डायलिसिसची मशीन चालवतो. ते इंझोरीहून येत. मंगरूळपीरपर्यंत एक बस, तिथून दुसरी. गावाजवळ त्यांची वांग्या-कोथिंबिरीची बाडी होती. डी.एड. होऊन नोकरी न लागलेल्यांपैकी ते एक. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला भाऊ म्हणायचे.

तुम्ही कधी अशा खोलीत कुणासोबत बसला असाल, तर तिथली दुपार ठाऊक असेल. रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं आणि माणूस छताकडे बघत राहतो. कोपऱ्यात टीव्ही चालू असतो, पण तो कुणी बघत नाही.

भाऊंना राज्य उभारायची खोड लागली ती बसमध्ये. मोबाइलवर ते राजे-राक्षसांच्या मालिका ऐकत. एकदा आले ते रागातच. "त्या कहानीत शंभर कोस घोडा पळते, पन त्याले कोणी चारा टाकत नाही. राजकन्या जंगलात फिरते, पन खाते काय? मीच लिहतो आता."

लिहिण्याआधी मात्र जग पक्कं करायचं होतं. सुरुवातीला त्यांनी आकाशात दोन सूर्य ठेवले. पुढच्या खेपेला एक काढून टाकला. "दोन सूर्यानं वांगे सुकून जातीन, भाऊ." उडणारा अजगर आणला, आणि त्याला रोज किती बकऱ्या लागतील या काळजीनं त्याचा आकार कमी करत करत पार घारीएवढा केला.

तिथले लोक भेटले की नमस्कार करत नसत. "थकले का?" असं विचारत आणि उत्तर येण्याआधी दोघंही खाली बसत.

मी विचारायचो, "भाऊ, गोष्ट केव्हा सुरू होणार?"

"घर बांधल्याबिगर मानसं कुठी ठेवू?"

शेजारच्या पलंगावर अनसिंगची एक आजी असायची. डोळे मिटून पडलेली, पण कान सगळे भाऊंच्या राज्यात. एक दिवस तिनं विचारलं, "काहून रे, तुह्या राज्यात अशा मशिनी हायेत का?"

"नाही आजी. तिथं कोणी बीमारच पडत नाही."

आजीनं डोळे उघडले. मग म्हणाली, "मंग मी तिकडे येऊन काय करू? मले तिथं कोन ओयखन?"

भाऊंचं बोट हवेतच थांबलं. त्या दिवशी ते पुढे बोलले नाहीत. त्यानंतरच्या खेपेलाही नाहीत. रक्तदाब तपासताना मी दोन-तीनदा विषय काढून पाहिला. त्यांनी नुसती मान हलवली.

मग एका दुपारी सुया टोचून झाल्याबरोबर त्यांनी हाक मारली, "आजी, दवाखाना बांधला."

"कुठी?"

"राजवाड्यातच. राजाच बीमार हाय. आठवड्यातून तीनदा त्याले पडून राहा लागते. आन् हे दुश्मनाले मालूम झालं."

अशी ती गोष्ट सुरू झाली. राजा पडून असेल त्या दिवशी शत्रू चाल करून येत, आणि राजानं पलंगावरून, एका हातानं राज्य सांभाळायचं. खोलीतल्या कुणीतरी टीव्ही बंद केला. आजीनं हट्ट धरला, "मले सेनापती कर." भाऊंनी केलं. घोड्यावर बसता येत नाही म्हणून तिला बैलगाडी दिली. आजी इतकी हसली की तिची मशीन ओरडायला लागली.

पण भाऊ थकत चालले होते. पायांवर सूज दिसायची. इथून गेलं की दुसरा दिवस अंथरुणात जायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बस. बाडीत बायको एकटी राबत होती. एकदा सुया काढताना ते हळूच म्हणाले, "भाऊ, येनं-जानं एवढंच जगनं झालं. आता नाही होत."

असं इथं पुष्कळ जण म्हणतात. मी नेहमीचं बोललो. मग दुसरं काही सुचेना म्हणून म्हणालो, "अहो, गोष्ट अर्धी आहे."

"राहू द्या अर्धी," ते म्हणाले. "जग तं पक्कं झालं ना."

पुढच्या खेपेला ते आले नाहीत. मी फोन केला. वहिनी म्हणाल्या, "ते येत नाही म्हनतात." डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. भाऊ फोनवर सगळं नीट ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "तुमी जेवले का?" काही दिवसांनी वहिनींचाच फोन आला. मी तो उचलण्याआधीच समजलो होतो.

पलंग रिकामा ठेवता येत नाही. त्यावर दुसरा पेशंट आला. आजीनं भिंतीकडे तोंड करून झोपायला सुरुवात केली.

महिना-दीड महिन्यानं वहिनी वाशीमला कामानिमित्त आल्या होत्या, तशा दवाखान्यातही आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. बाहेरच्या बाकड्यावर त्या बसल्या. मी चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग त्या म्हणाल्या, "अनसिंगच्या आजीच्या घरचे भेटले होते स्टँडवर, इंझोरीचं नाव ऐकून बोलले. म्हने, ते इथं कायचं तरी राज्य सांगत."

"तुम्हाला नाही सांगितलं कधी?"

"घरी आले का पडून राहत. मी वावरात. कवा सांगतीन?" त्या कपाकडे बघत राहिल्या. "कसं होतं ते?"

मी सांगितलं. नदी, एकच उरलेला सूर्य, घारीएवढा अजगर, पलंगावरचा राजा. त्या मधे मधे मान हलवत होत्या, जशी बाई परगावच्या नातेवाइकांची खुशाली ऐकते तशी. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्यात मी होती का?"

भाऊंनी राजाला राणी दिली होती की नाही, मी आठवून पाहिलं. कधी विषयच निघाला नव्हता.

"होतात ना," मी म्हणालो. "राजा पडून असला की किल्ल्याच्या साऱ्या किल्ल्या तुमच्या कमरेला."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि थोडंसं हसल्या.

"खोटं बोलून राह्यले तुमी," त्या म्हणाल्या. "पन सांगा."